वरचा आकडा

सकाळी सातला कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते.
लोकमान्यनगरात फाटकं उघडतात.
ओला वेगळा, सुका वेगळा, घड्याळाचे सेल निराळे,
काच वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
इतकं नीटनेटकं की इंदूरचा मला अभिमानही वाटतो
आणि थोडा रागही येतो.
गाडी वळली की मी.
पिशवीत दंडाला बांधायचा पट्टा, यंत्र, सुया,
आणि तिशी उलटलेल्यांची यादी.

"रेगेकाकू, हात द्या."
"मला काय धाड भरलीय? काल पाच किलो कैऱ्या फोडल्या एकटीनं."
पट्टा फुगतो. बोलू नका.
बोललं की आकडा चढतो.
एकशे बहात्तर. खाली एकशे चार.
"वरचा किती म्हणालीस?"
"एकशे बहात्तर."
"असू दे. बघून घेईल तो वरचा,"
आणि छताकडे बोट,
जिथे पंखा कुरकुरत फिरतो आहे.

आमचे बाबा झोपेत गेले.
एकोणसाठावं चालू होतं.
रात्री सराफ्यात गराडू खाऊन आले,
लिंबू पिळून, वर जीरावन, मग पुन्हा जीरावन.
सकाळी चहावर साय धरली तरी उठले नाहीत.
पुण्यवान, लोक म्हणाले.
कुणाची सेवा घेतली नाही, कुणाला जागवलं नाही.
तेराव्याच्या पंगतीत हाच शब्द
श्रीखंडाबरोबर फिरत होता.
मीही वाढला.

सोळा वर्षांनी ट्रेनिंगमध्ये
मॅडमनी फळ्यावर हृदय काढलं, जरा वाकडंच,
आणि लक्षणं लिहायला घेतली, तेव्हा आठवलं:
संध्याकाळी त्यांची मान धरायची.
बाम चोळायचं काम माझं होतं.
रोज चोळायचे.
बोटांना कळत नव्हतं ती कशावरून फिरतायत.

पाटनीपुऱ्याच्या कोपऱ्यावर केसरीमलची पोह्यांची गाडी.
दोनशे दहा.
दुसऱ्या दंडाला बांधला. दोनशे सहा.
"भिया, उद्या नाही. आज. आत्ता दवाखान्यात."
"दीदी, मेरे को तो कुछ होता ही नहीं."
हेच तर.
ना ताप, ना खोकला, ना दारावर थाप.
साप निदान गवत तरी हलवतो.
कढईत जिलबी उलटत होती,
पाच गिऱ्हाइकं ताटकळत, आणि मी तिथेच उभी,
गाडीला टेकून, म्हटलं, मीही ताटकळते.
दुपारी अडीचला तो आला माझ्याबरोबर. चिडलेला.
वाटेत एक शब्द बोलला नाही.

आता गोळ्यांची पट्टी जीरावनच्या डब्यामागे असते.
मी येता-जाता उलटून मोजते.
रविवारच्या शाबूत.
"रविवारी गर्दी असते ना, दीदी."
मी भांडते. तो कांदा चिरत राहतो.
पुढच्या रविवारची एकच उरते.
ह्याला यश म्हणतात का, मला माहीत नाही.
रजिस्टरात तपासलेल्यांचा रकाना आहे,
पाठवलेल्यांचा आहे, दगावलेल्यांचा आहे.
आज सकाळी कांदा चिरत असलेल्यांचा नाही.
कुठे लिहू केसरीमलला?
रेगेकाकूंचं लिहिलं मागच्या महिन्यात.
कैऱ्या मुरल्या होत्या. बरणी त्यांच्या सुनेनं मला दिली.
अजून उघडलेली नाही.

परवा त्यानं पुड्यात पोहे दिले,
सवयीनं जीरावनची चिमूट उचलली,
हात हवेत थांबला,
अर्धी परत डब्यात गेली.
मग म्हणाला, "और आपका?"
"माझं काय?"
"कितना है?"
माझी तिशी उलटून अकरा वर्षं झाली.
यादी मीच लिहिते. त्यात मी नाही.
संध्याकाळी हल्ली माझीही मान धरते,
मी म्हणते, पिशवी जड आहे.

त्यानं हात पुसले, पूर्ण पुसले गेले नाहीत,
पट्ट्यावर हळदीची दोन बोटं उमटली.
बटण दाबलं.
मी काहीतरी सांगायला लागले,
वेळ नाही, अजून दोन गल्ल्या,
"दीदी," तो म्हणाला,
"बोलना मत."